इतिहासात एमए, पीएचडी करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

डिसेंबर २०२३ च्या नागपूर अधिवेशनात, विधान परिषदेत, 'पीएचडी करून काय दिवे लावणार' असा सवाल आला आणि राज्यभर गदारोळ उठला. विषय होता संशोधक विद्यार्थ्यांच्या फेलोशिपचा. वाहिन्यांवर वाद झाले, विद्यार्थ्यांनी निषेध केले. पण ही पदवी मिळवायला माणसाला करावं काय लागतं, हे त्या गदारोळात कुणी समजावून सांगितलं नाही. नर्स किंवा इंजिनिअर काय शिकतो याची गावाला ढोबळ कल्पना असते. इतिहासात पीएचडी करणारा मुलगा दिवसभर काय करतो, हे त्याच्या आईवडिलांनाही नीट सांगता येत नाही. पारोळ्याच्या किंवा शहाद्याच्या एखाद्या घरी पाहुणा विचारतो, "पोऱ्या काय करी ऱ्हायना?" "शिकी ऱ्हायना." "आजूनबी?" आणि बोलणं तिथेच थांबतं.

त्या 'आजूनबी'ला सरळ उत्तर देता आलं पाहिजे. इतिहासाचं शिक्षण वर जातं तसं पाठांतर वाढत जातं, असा समज आहे. प्रत्यक्षात कामाचा प्रकारच बदलतो. बीएला इतरांनी लिहिलेला इतिहास समजून घ्यायचा असतो. एमएला तो इतिहास कुणी, कशाच्या आधारावर आणि कुठल्या काळात लिहिला हे तपासायला शिकायचं असतं. पीएचडीला त्यातला एक लहानसा भाग आपण स्वतः, पुराव्यासह, नव्याने उभा करायचा असतो. पदव्यांचे सगळे नियम या बदलाभोवती बेतलेले आहेत आणि ते समजायला अवघड नाहीत. अवघड आहे ती नियमांत न लिहिलेली अट. त्या अटीच्या बाबतीत खान्देशातला विद्यार्थी पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्यापेक्षा मागे नाही, उलट काही ठिकाणी पुढे आहे, असं माझं ठाम मत आहे.

एमए: ८८ क्रेडिटचा हिशेब

राज्यात नवं शैक्षणिक धोरण लागू झाल्यापासून दोन वर्षांचं एमए ८८ क्रेडिटचं झालं आहे. क्रेडिट हे अभ्यासाचं माप आहे. वर्गात साधारण १५ तास शिकवलं की एक क्रेडिट, म्हणजे ४ क्रेडिटचा पेपर सत्रभरात सुमारे ६० तासांचा. चार सत्रं, प्रत्येकी २२ क्रेडिट. पहिल्या वर्षाचे ४४ क्रेडिट पुरे करून कुणाला थांबावं लागलं, तर पदव्युत्तर पदविका हातात पडते, वर्ष वाया जात नाही. ज्यांनी चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतली आहे, त्यांना एमए एका वर्षात करायची सोय आहे.

या ८८ क्रेडिटांचा मोठा भाग विषयाच्या पेपरांचा असतो: प्राचीन, मध्ययुगीन, आधुनिक भारत, मराठ्यांचा इतिहास, जगाचा इतिहास, शिवाय ऐच्छिक पेपर. ते कुणाला नवे नाहीत. लक्ष द्यायचं ते उरलेल्या १८ क्रेडिटांकडे. पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीचे ४, दुसऱ्या सत्रात प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाचे किंवा क्षेत्रप्रकल्पाचे ४, तिसऱ्या सत्रात संशोधन प्रकल्पाचे ४ आणि चौथ्या सत्रात त्याच प्रकारचे ६. म्हणजे पदवीचा जवळजवळ पाचवा हिस्सा हा स्वतः काहीतरी शोधण्याचा आहे.

नेमका हाच हिस्सा बहुतेक जण कसाबसा उरकतात. मागच्या वर्षीच्या मुलाचा प्रकल्प घ्यायचा, मुखपृष्ठ बदलायचं, झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल बाइंडिंग करायचं आणि जमा करायचं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण पुढे पीएचडीला जे करावं लागतं त्याची तालीम इथेच होते. गावातल्या शंभर वर्षं जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर घ्या. त्यात मुलाचं नाव, जात, बापाचा धंदा, शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचं कारण असतं. कुठल्या समाजाच्या मुली कधीपासून शाळेत येऊ लागल्या, दुष्काळाच्या वर्षी किती मुलं गळाली, हे त्या एका रजिस्टरवरून सांगता येतं. मुख्याध्यापकांची रीतसर परवानगी घेतली आणि जिवंत माणसांची नावं गाळली, की एमएचा उत्तम प्रकल्प होतो.

एमए करताना आणखी एक आकडा सतत डोळ्यांपुढे ठेवायचा: ५५ टक्के. खुल्या प्रवर्गातल्या विद्यार्थ्याला दोन वर्षांच्या एमएनंतर पीएचडीसाठी एमएला किमान ५५ टक्के लागतात. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सवलत आहे. ५४ टक्क्यांवर अडकलेली हुशार मुलं दर वर्षी दिसतात. पहिल्या सत्राला 'पुढे भरून काढू' म्हणून सोडलेले मार्क सहसा भरून निघत नाहीत.

पीएचडीला प्रवेश कोणाला मिळतो

इथला मूळ कायदा विद्यापीठ अनुदान आयोगाचा, म्हणजे यूजीसीचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये आयोगाने पीएचडीचे नवे नियम आणले. जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ असो की पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ, किमान अटी याच. त्यावर प्रत्येक विद्यापीठ आपले बारीक नियम बसवतं, म्हणून जाहिरात शेवटपर्यंत वाचायची.

एमएवाल्यांची अट वर सांगितलीच. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर एमए न करताही थेट अर्ज करता येतो. पण इतिहासात मी तसं करायला सांगणार नाही. आपल्या विषयात वाचनाला वेळ लागतो आणि एमएची वर्षं ती सवय लावतात.

यानंतर चाचणी. नेट ही राष्ट्रीय परीक्षा वर्षातून दोनदा होते. पहिला पेपर सगळ्यांना सारखा, ५० प्रश्न, १०० गुण. दुसरा आपल्या विषयाचा, १०० प्रश्न, २०० गुण. तीन तास, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. २०२४ पासून या एकाच परीक्षेच्या निकालात तीन गट पाडले जातात. सर्वांत वरच्यांना जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठी दरमहा मिळणारी फेलोशिप, आणि सोबत बाकीच्या दोन्ही पात्रता. त्याखालच्यांना सहायक प्राध्यापकपदाची पात्रता आणि पीएचडी प्रवेशाची पात्रता. तिसऱ्या गटाला फक्त पीएचडी प्रवेशाची. शेवटच्या दोन गटांचे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात, हे अनेकांना उशिरा कळतं.

काही विद्यापीठं स्वतःची प्रवेश परीक्षा घेतात, तिला आपण 'पेट' म्हणतो. तिच्यात निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात. प्रवेश ठरवताना लेखी परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन. सेट ही पुणे विद्यापीठ घेतं ती राज्यातली परीक्षा. तिने प्राध्यापकपदाची पात्रता मिळते, फेलोशिप मिळत नाही.

परीक्षा पास झाली तरी एक अडचण उरते आणि ती खान्देशात जास्त जाणवते: गाईड. नियमाने प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. आधीचा कुणी प्रबंध जमा करून मोकळा झाला की जागा निघते. जिथे मान्यताप्राप्त गाईडच थोडे, तिथे पात्र मुलंही वाट पाहत बसतात. म्हणून फक्त आपल्या जिल्ह्यातल्या जागा बघू नका. नाशिक, पुणे, छत्रपती संभाजीनगर इथल्या रिक्त जागांच्या याद्याही पाहा. विषय खान्देशचा आणि गाईड दुसऱ्या विद्यापीठात, असं खुशाल चालतं.

प्रवेश झाला, मग तीन ते सहा वर्षं काय करायचं?

सुरुवातीला कोर्सवर्क. हे वर्गातलं शिक्षण किमान १२ क्रेडिटचं असतं. त्यात संशोधन पद्धती, विषयातलं वाचन आणि संशोधनातल्या प्रामाणिकपणावरचा एक सक्तीचा पेपर येतो. इथेही ५५ टक्के मिळवावे लागतात. त्यानंतर संशोधन आराखडा. माझा प्रश्न काय, त्यावर आजवर कुणी काय लिहिलं, मी कुठली कागदपत्रं पाहणार आणि किती वेळात, हे पंधरा-वीस पानांत मांडून समितीपुढे उभं राहायचं. पुढे दर सत्राला याच सल्लागार समितीला प्रगती दाखवायची.

किमान मुदत तीन वर्षं, कमाल सहा. विद्यापीठ आणखी दोन वर्षं वाढवून देऊ शकतं. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन वर्षं मिळतात. महिला संशोधकांना या काळात बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांची रजा आहे. लग्नानंतर किंवा मूल झाल्यावर 'आता राहू दे' म्हणत काम सोडून देणाऱ्या मुलींच्या घरच्यांपर्यंत ही दोन वाक्यं पोचायला हवीत. सोय हक्काची आहे, कुणाच्या मेहेरबानीची नाही.

प्रबंध लिहून झाला की तो संगणकावर तपासला जातो. दुसऱ्यांच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंत साम्य निघालं तर चालतं. त्याहून जास्त निघालं तर दुरुस्तीपासून नोंदणी रद्द होण्यापर्यंत टप्प्याटप्प्याने शिक्षा आहे. मग गाईडशिवाय किमान दोन बाहेरचे परीक्षक तो वाचतात. त्यांचा शेरा अनुकूल आला की तोंडी परीक्षा होते. ही खुली असते, कुणीही बसू शकतो. एमएच्या मुलांनी अशा एक-दोन परीक्षा जरूर ऐकाव्यात. शेवटी प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर जातो आणि जगात कुणालाही फुकट वाचायला मिळतो.

दोन जुन्या गोष्टी आता नाहीत, तरी लोक अजून त्यांच्या मागे धावतात. एमफिल बंद झालं आहे. आणि प्रबंध जमा करण्याआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही यूजीसीची सक्ती २०२२ च्या नियमांत काढून टाकली आहे. एखादं विद्यापीठ स्वतःहून अपेक्षा ठेवू शकतं. पण पैसे घेऊन आठवड्यात लेख छापणाऱ्या मासिकांना पाच-पाच हजार देण्याचं कारण उरलेलं नाही.

नियमांत न लिहिलेली अट

आता खरा मुद्दा. गावात एखादा म्हणाला, 'हा बांधापलीकडचा तुकडा आमचाच', तर तलाठी काय विचारतो? सातबारा दाखवा. सातबाऱ्यावर नाव कसं लागलं असं विचारलं की फेरफार पाहावा लागतो: वारसाने आलं, खरेदीने आलं की हक्कसोडीने. इतिहासातल्या प्रत्येक विधानाला असाच उतारा लागतो. पानाखाली ती बारीक अक्षरातली टीप असते ना, ती म्हणजे त्या विधानाचा उतारा. आणि त्या विषयावर आधीच्या अभ्यासकांनी काय म्हटलं, कुणी कुणाचं खोडलं, हा त्याचा फेरफार. प्रबंधात टिपा कशासाठी भरतात, हे एवढ्यावरून समजावं.

इतिहासाचे हे उतारे ज्या कागदांतून निघतात त्यांना आपण 'साधनं' म्हणतो. ती वाचता येणं हीच न लिहिलेली अट. यूजीसीच्या नियमात कुठेही म्हटलेलं नाही की खान्देशावर काम करणाऱ्याला मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदांची वळणदार लिपी, यायला हवी. पण अठराव्या शतकातल्या खान्देशावर मोडी न येता लिहिलेला प्रबंध हा इतरांनी छापलेल्या पुस्तकांचा सारांश होतो.

मोडीत अक्षरं नंतर अडवतात, आधी तारीख अडवते. समजा कागदावर आहे: 'सितैन मया व अलफ'. हे अरबी अंक आहेत. सितैन म्हणजे ६०, मया म्हणजे १००, अलफ म्हणजे १०००. बेरीज ११६०. हा शुहूर सन झाला, म्हणजे मराठ्यांच्या कागदांत वापरलेली वर्षगणना. तो मृगाला, जूनच्या सुरुवातीला बदलतो. म्हणून कागद जून ते डिसेंबरमधला असेल तर ५९९ मिळवायचे आणि जानेवारी ते मृगापर्यंतचा असेल तर ६००. म्हणजे १७५९-६०. पुढे 'छ' असं अक्षर आणि जमादिलाखरसारखा महिना असतो, ती चंद्राची तिथी. एवढं जमलं की कळतं, हा कागद उदगीरच्या लढाईच्या वर्षातला आहे. फेब्रुवारी १७६० मध्ये ती लढाई झाली आणि तिच्या तहात निजामाकडून अशीरगड, बऱ्हाणपूर मराठ्यांकडे आले. त्याच वर्षी तापीकाठच्या एखाद्या परगण्याचा वसूल कुणाकडे गेला, हे त्या कागदात असेल तर तो कागद सोन्याचा. एका ओळीच्या तारखेवर तासभर घालवावा लागतो, आणि पीएचडीवाला दिवसभर करतो ते हेच.

खान्देशचा काळ बदलतो तशी लिपी आणि भाषा बदलते. १३८२ ते १६०१ फारुकी सुलतान होते, थाळनेरला त्यांचे मकबरे अजून उभे आहेत. तिथे फारसी लागते. अकबराने १६०१ मध्ये अशीरगड घेतला, त्यानंतर मोगल, म्हणजे पुन्हा फारसी. पुढे निजाम आणि मराठे, म्हणजे फारसी आणि मोडी. १८१८ नंतर इंग्रज, म्हणून इंग्रजी, पण गावपातळीवर मोडी चालूच. एका माणसाला हे सगळं येणं शक्य नाही आणि गरजही नाही. आपला काळ ठरवायचा आणि त्याची एक लिपी किंवा भाषा पक्की करायची. रोज तासभर सराव केला तर मोडी काही महिन्यांत हाताशी येते. फारसीला वर्ष-दोन वर्षं लागतात.

मोडीचा व्यवहारातला उपयोगही २०२३ मध्ये राज्याने पाहिला. कुणबी नोंदी शोधण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी दप्तरं उघडली, तेव्हा ती वाचू शकणारी माणसं हुडकावी लागली.

साधनं कुठे आहेत? पेशवे दप्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात. इंग्रजी अमलातले महसूल आणि न्याय खात्याचे कागद मुंबईच्या अभिलेखागारात. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे असंख्य कागद 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर घरून पाहता येतात. आणि आपल्या धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात गेले. त्यांनी गावोगाव पायपीट करून जमवलेल्या कागदांसाठी १९२७ मध्ये हे मंडळ उभं राहिलं. त्याच धुळ्यात श्री समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी परंपरेची हस्तलिखितं जपलेली आहेत. मराठ्यांच्या इतिहासावर काम करणारे दूरदूरहून धुळ्याला येतात. साक्रीच्या किंवा शिंदखेड्याच्या मुलाला तिथे एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. खान्देशी विद्यार्थी पुढे आहे असं मी म्हणतो ते यासाठी.

विषय: केवढा घ्यायचा?

'खान्देशचा सामाजिक व आर्थिक इतिहास: एक अभ्यास' असे विषय मी थेट नाकारावे असे मानतो. एवढ्या मोठ्या विषयाला पुरावा पुरा पडत नाही आणि लिहिणारा शेवटी १८८० च्या खान्देश गॅझेटिअरचं, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथाचं, भाषांतर करत बसतो. ते गॅझेटिअर मोलाचं आहे, पण ते राज्य चालवणाऱ्या सरकारने, कारभाराच्या सोयीसाठी तयार केलं. कुठली जमात 'आळशी' आणि कुठली 'उद्यमी' हे शिक्के त्यात कुणी आणि का मारले, हे न विचारता ती वाक्यं उचलणारे प्रबंध आजही लिहिले जातात.

चांगला विषय हा प्रश्न असतो. फैजपूरचं उदाहरण घेऊ. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन प्रथमच एका खेड्यात भरलं ते फैजपूरला, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. तिथे कोण काय बोललं हे छापलेलं आहे, त्यावर नवं काय लिहिणार? पण एवढ्या लोकांच्या राहण्या-जेवणासाठी यावल-रावेरकडच्या गावांनी काय दिलं? जमीन कुणाची, बैलगाड्या कुणाच्या, राबले कोण? आणि त्यानंतरच्या निवडणुकांत या गावांचं राजकारण बदललं का? हे विचारलं की प्रश्न खुला होतो. त्याला स्वागत समितीचे कागद, तेव्हाची वर्तमानपत्रं, घराघरांतल्या वह्या आणि जुन्या आठवणी अशी ठरावीक साधनंही मिळू शकतात.

दुसरं उदाहरण सातपुड्याचं. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाजा नाईक १८५७ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठला आणि ११ एप्रिल १८५८ ला आंबापाणीची लढाई झाली. या लढाईची लेखी हकिगत मुख्यतः इंग्रज अधिकाऱ्यांची. त्यांच्या कागदांत हे लोक लुटारू आणि बंडखोर. संशोधकाला तेच कागद वाचावे लागतात, कारण दुसरे लेखी कागद फार थोडे. पण वाचताना विचारायचं: हा अहवाल कुणी, कुणाला, कशासाठी लिहिला? स्वतःची कामगिरी वरिष्ठांना दाखवायची असताना माणूस मेलेल्यांचे आकडे कसे लिहील? त्याच अहवालात चुकून काय लिहिलं गेलं? पकडलेल्यांची नावं, गावं, हत्यारं, सोबत असलेल्या बायकामुलांचा उल्लेख. अधिकाऱ्याला जे किरकोळ वाटलं त्यातून आपल्याला त्या लोकांचं जगणं दिसतं.

त्याच्या जोडीला पावरी, भिली, अहिराणी गाणी आणि सांगोवांगी. इथे एक शंका नेहमी येते: तोंडी सांगितलेलं पुरावा कसा होईल? होतं, पण शिस्तीने. सांगणाऱ्याची संमती घ्यायची, तारीख आणि ठिकाण नोंदवायचं, ध्वनिमुद्रण ठेवायचं, मूळ बोलीतले शब्द जसेच्या तसे उतरवायचे आणि मग मराठी अर्थ द्यायचा. दीडशे वर्षांमागच्या लढाईची तारीख गाण्यातून सिद्ध होत नाही. पण ती लढाई लोकांनी कशी लक्षात ठेवली आणि कशासाठी, हे गाण्यातूनच कळतं. आणि इथे धडगाव-अक्कलकुव्याच्या मुलामुलींची बरोबरी कुणी करू शकत नाही. ज्या भाषेसाठी बाहेरच्या संशोधकाला दुभाष्या लागतो, ती यांची घरची भाषा आहे.

'मराठीतून चालतं का?'

चालतं. मराठीत लिहिलेले प्रबंध शोधगंगेवर आहेत. लिहा मराठीत, पण वाचा इंग्रजीतही. इंग्रजी कागद आणि नवं संशोधन वाचल्याशिवाय काम अपुरं राहतं. इंग्रजी बोलता येत नाही म्हणून लाजण्याचं कारण नाही. अहवाल वाचून समजण्यापुरती इंग्रजी शब्दकोश घेऊन बसल्यावर येते. नेटचा इतिहासाचा पेपर मात्र इंग्रजी आणि हिंदीतच असतो. मराठी माध्यमाच्या मुलांनी हिंदी पर्यायाचाही विचार करावा.

'वय झालं, नोकरी आहे'

पीएचडीला वयाची अट नाही. जेआरएफला आहे: ३० वर्षं, महिला आणि राखीव प्रवर्गांना ५ वर्षांची सवलत. नोकरी करणाऱ्याला कार्यालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र आणून अर्धवेळ पीएचडी करता येते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांसाठी हा चांगला रस्ता आहे. पत्राने किंवा ऑनलाइन मात्र पीएचडी करता येत नाही, यूजीसीने ते स्पष्ट बंद केलं आहे. एमए इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठातून केलं तर चालतं. 'घरबसल्या सहा महिन्यांत डॉक्टरेट' देणाऱ्यांना मात्र एक रुपयाही देऊ नका.

'एवढं करून नोकरी कुठे आहे?'

हा आक्षेप सर्वांत खरा आहे आणि त्याला गुळगुळीत उत्तर देणं मला पटत नाही. सहायक प्राध्यापक होण्यासाठी आज नेट किंवा सेट पुरते. जुलै २०२३ पासून त्या पदासाठी पीएचडी सक्तीची नाही. सहयोगी प्राध्यापक आणि पुढच्या पदांना ती लागतेच. भरती रखडते, आणि तोवर शिकलेली माणसं तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, तुटपुंज्या मानधनात वर्षानुवर्षं शिकवतात. पीएचडी झाली की कॉलेजात चिकटता येईल, या एकाच आशेवर कुणी सहा वर्षं घालू नयेत.

फेलोशिप असेल तर हिशेब बदलतो. जेआरएफ पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये आहे. बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी), महाज्योती (ओबीसी, भटके-विमुक्त) आणि आदिवासी संशोधन संस्था या राज्य सरकारच्या संस्था आपापल्या गटांतल्या संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. पैसे वेळेवर मिळत नाहीत म्हणून विद्यार्थ्यांना आंदोलनं करावी लागली आहेत, त्यामुळे चार-सहा महिने हप्ता न आला तरी निभेल इतकी तजवीज ठेवूनच उतरावं. प्राध्यापकीशिवाय पुराभिलेखागार, वस्तुसंग्रहालयं, दर्शनिका (गॅझेटिअर) विभाग, मोडी वाचन, पर्यटन, पत्रकारिता इथे हे कौशल्य लागतं. जागा थोड्या आहेत, पण स्पर्धेत उतरणारे मोडी-फारसी येणारे उमेदवारही थोडेच आहेत.

'परदेशात पटकन होते म्हणे'

अजिबात नाही. अमेरिकेत पदवीनंतर थेट पीएचडीला घेतात, पण आधी दोन-तीन वर्षं वर्ग, मग आपल्या क्षेत्रातली पुस्तकांची लांबलचक यादी वाचून द्यायची सर्वसमावेशक परीक्षा, सोबत एक-दोन परक्या भाषा वाचता येतात याची चाचणी, आणि त्यानंतर प्रबंध. सहा-सात वर्षं सहज जातात. त्यांची भाषेची अट नियमातच लिहिलेली असते. मराठ्यांवर काम करणाऱ्या तिकडच्या विद्यार्थ्याला मराठी शिकावीच लागते. आपल्याकडेही खान्देशावर काम करणाऱ्यासाठी मोडी, फारसी किंवा एक आदिवासी भाषा कोर्सवर्कमध्येच बसवली, तर प्रबंधांचा दर्जा पाच वर्षांत बदलेल असं मला मनापासून वाटतं.

गाईडला भेटायला जाण्याआधी

'सर, विषय सुचवा' म्हणत रिकाम्या हाताने जाऊ नका. शोधगंगेवर आपल्या विषयाजवळचे चार-पाच प्रबंध उघडा आणि त्यांची शेवटची संदर्भयादी वाचा. त्यांनी कुठले कागद पाहिले आणि कुठले पाहिले नाहीत, ते लिहून काढा. मग एका पानावर चार गोष्टी मांडा: माझा प्रश्न, काळ कुठपासून कुठपर्यंत, कुठल्या दप्तरातले कुठले कागद, आणि ते वाचायला मला आज काय येतं व काय शिकायचं आहे. त्या दप्तरात एकदा प्रत्यक्ष जाऊन, यादी मागून, निदान एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं, उघडून कागद पाहून या. रुमालाचा क्रमांक त्या पानावर लिहिलेला असला, की गाईड पहिल्याच भेटीत तुमच्याशी कामाचं बोलू लागतात.